पुढच्या चाकांचे तवे

सोमवार, २१ नोव्हेंबर १९६६. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पनवेलच्या गॅरेजसमोर एक टॅक्सी आली आणि थांबायच्या जागी थांबली नाही. दारावरून पुढे गेली, रस्त्याच्या कडेला वळली आणि लाकडाच्या वखारीच्या कुंपणाला टेकून उभी राहिली. कुंपण बांबूचे होते. नुकसान झाले नाही.

गाडी माझ्या ओळखीची होती. तिच्या पुढच्या ब्रेकांचे काम मी शनिवारीच संपवले होते.

टॅक्सीवाला उतरला. कामोठ्याच्या मिठागरवाल्या घरातला हा माणूस. घरातल्या सर्वांनी मीठ पिकवले, याने एकट्याने मोटार धरली होती. पनवेल ते पुणे अशी त्याची टॅक्सी चाले. तो कुंपणाकडे न बघता माझ्याकडे आला.

"मिस्तरी, ब्रेक लागत नाय."

कधीपासून, असे मी विचारले. घरून निघाल्यापासून, असे त्याने सांगितले. खाडीच्या बांधावर पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा पायडल दगडासारखे घट्ट होते, पण गाडी आपली पुढेच जात होती. तेथून तो दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढत आला होता.

त्याच दिवशी दहा वाजता त्याच्या गाडीचे पासिंग होते. हे पासिंग साधे नव्हते. ते काय होते, ते आधी सांगितले पाहिजे.

उन्हाळ्यात, मुंबईचे प्रवासी भरून पुण्याहून परतताना, बोरघाट उतरता उतरता त्याचे ब्रेक गेले होते. तुटले काही नव्हते. ड्रमचे ब्रेक सतत दाबून धरले की ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि त्याला आतून घासून धरणाऱ्या लायनरपासून दूर सरतो. लायनरही तापून गुळगुळीत होतो. पाय खाली जात राहतो आणि गाडी वेग घेत राहते. याने डोके शाबूत ठेवले आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दरीच्या बाजूला वळला असता तर ही हकीगत मला लिहावी लागली नसती. कोणी दगावले नाही. एका प्रवाशाने तक्रार केली, आणि तक्रार रास्त होती. परमिट स्थगित झाले. सबंध पावसाळा गाडी नारळाच्या झावळ्यांखाली उभी राहिली.

त्याने नवे लायनर घातले व गाडी दाखवली. मोटार निरीक्षकाने ती परत पाठवली. ड्रम घासून घेतले व पुन्हा दाखवली. निरीक्षकाने पुन्हा परत पाठवली आणि बजावले की तेच ड्रम घेऊन तिसऱ्यांदा यायचे नाही, तिसऱ्यांदा नापास झाली तर परमिट कायमचे जाईल. मला तो निरीक्षक चुकीचा वाटला नाही. टॅक्सीवाला मात्र त्या दिवसापासून खाली मान घालून हिंडू लागला. टॅक्सी गेली तर त्याला परत मिठागरात उतरावे लागणार होते, आणि तेथे त्याचे धाकटे भाऊ आता त्याच्यावर मुकादम झाले असते.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला सांगितले की या गाडीचे पुढचे ड्रम काढून टाकू आणि डिस्क बसवू. विलायतेत नव्या गाड्यांना तसे ब्रेक येऊ लागले होते. मी ते मासिकांतल्या चित्रांत पाहिले होते, आणि एकदा मुंबईच्या गोदीवर उतरलेल्या एका मोटारीखाली वाकून पाहिले होते. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. दोन बाजूंनी दोन पट्ट्या तिला चिमटीत धरतात. चकती उघड्यावर असते, वारा लागतो, तापली तरी लवकर निवते, आणि फुगली तरी चिमटीतच फुगते. घाटासाठी याहून सरळ उपाय मला दिसत नव्हता.

हे सामान बाजारात मिळत नसे. कुर्ल्याच्या भंगारात मला त्याच कारखान्याची, पण नंतरच्या वर्षांतली एक मोटार सापडली. तिला मागून ट्रकने चेपले होते, पुढचा भाग शाबूत होता. तिचे पुढचे दोन्ही हब, चकत्या, चिमटे आणि चाकेसुद्धा मी काढून आणली. चाक ज्या खिळीवर वळते त्या किंगपिनचे माप तेच निघाले. हा काही दैवयोग नव्हता. कारखाने जुने माप उगाच बदलत नाहीत. स्टिअरिंगचा दांडा मात्र जुळेना. त्यासाठी लेथवर दोन जाड वायसर कातून घ्यावे लागले. ब्रेकच्या नळ्यांचे आटे वेगळे होते, त्या नळ्या नव्या केल्या. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमसाठी एक लहान झडप असते. ती नळीत थोडा दाब कायम धरून ठेवते. ती तशीच राहिली असती तर पट्ट्या चकतीला सतत चाटत राहिल्या असत्या. मी ती काढून टाकली. शेवटी नळ्यांतली हवा काढली. टॅक्सीवाला आत बसून पायडल दाबी, मी खाली आडवा पडून स्क्रू सोडी. दाब, धर, सोड. याव्यतिरिक्त त्या दुपारी आमचे काही बोलणे झाले नाही.

'डिस्क' हा शब्द त्याच्या जिभेवर बसेना. 'चकती' त्याला किरकोळ वाटे. पहिल्याच दिवशी त्याने हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, हा तं तवा हाय. मी ते नाव दोनदा दुरुस्त केले. आठवडा संपेपर्यंत टॅक्सी स्टँडवरचे सगळे "तवेवाली गारी" म्हणू लागले. मीही मग दुरुस्त करण्याचे सोडून दिले.

शनिवारी मी गाडी त्याच्या ताब्यात दिली तेव्हा ब्रेक उत्तम लागत होते. सोमवारी सकाळी ती कुंपणाला टेकली होती.

मी पुढच्या उजव्या चाकापाशी बसलो. तेल गळण्याची खूण नव्हती. नळ्या कोरड्या होत्या. मग वास आला. जळलेल्या लायनरचा वास मला ठाऊक आहे, तो घशात बसतो. हा वास तसा नव्हता. भजी तळणाऱ्याच्या कढईवरून जाताना येतो तो वास होता.

"चाकाला कोणी हात लावला?" मी विचारले.

"कोन लावनार? रातीला चाकं कारली, धुतली. सकाली बसवली. बास."

मागच्या सीटवर त्याची आई बसली होती. ती आहे हे मी तोवर पाहिले नव्हते. मुलाची गाडी साहेब पास करतो हे बघायला ती बरोबर आली होती. काच खाली करून ती म्हणाली, "हात नाय लावला. तेल लावलं."

मग तिने सगळे सांगितले. पहाटे भाकऱ्या थापायला ती उठली. कंदील घेऊन अंगणात आली तर गाडी विटांवर चढवलेली, चाके धुवून भिंतीला उभी, आणि दोन्ही तवे दवाने लाल झालेले. खाडीच्या काठी उघडे लोखंड एका रात्रीत गंजते, हे खरेच आहे. त्यांच्या घरात विळा, कोयता, कुलूप, भाकरीचा तवा, काहीही असो, काम झाले की त्याच्यावरून तेलाची चिंधी फिरते. तिचा तवा तिच्या लग्नापासून गंजलेला नाही, हेही तिने मला सांगितले. मग तिने गोड्या तेलाची वाटी आणली आणि दोन्ही तवे पुढून आणि मागून निगुतीने पुसले. काम चोख केले होते. दुर्दैवाने फारच चोख. मुलाने अंधारात वर चाके चढवली आणि त्याला काही दिसले नाही.

"आये, तो भाकरीचा तवा नाय," टॅक्सीवाला म्हणाला.

"तवा कोन बोललं? तूच ना? आनि साहेबाचे म्होरं गंजका तवा न्यायाचा? लोकं म्हनतील, याचे घरात बाईमानूस नाय."

तो तांबूस गंज पहिल्याच ब्रेकला आपोआप पुसला जातो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने गाडीतून उतरून विचारले, आता काय करायचे. मी सांगितले, तेल काढायचे.

चकत्यांचे सोपे होते. त्या लोखंडाच्या होत्या. पेट्रोलने पुसल्या, कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासल्या, पुन्हा पेट्रोलने पुसल्या. कठीण होते ते पट्ट्यांचे. पट्टी सच्छिद्र असते, तेल पिते. कामोठ्याहून येईपर्यंत त्याने ब्रेक दाबत दाबत ते तेल चारही पट्ट्यांना भरपूर पाजले होते. दुसऱ्या पट्ट्या नव्हत्या. कुर्ल्याच्या त्या एका गाडीत मिळाल्या तेवढ्याच. विलायतेहून मागवायच्या म्हटले तर पासिंग आजचे होते.

मी पट्ट्या उपसल्या. गॅरेजमधला प्रायमस पेटवला, पत्र्याच्या डब्यात सोड्याचे पाणी उकळत ठेवले आणि पट्ट्या त्यात टाकल्या. पाण्यावर लगेच तवंग आला. त्याच्या आईने सोड्याचे खडे फोडून दिले आणि स्टोव्हजवळ बसून पाणी बदलत राहिली. टॅक्सीवाला येरझारा घालू लागला. त्याने मला सलग तीन वेळा विचारले की होईल ना. मी त्याला कुंपणाचे बांबू सरळ करायला पाठवले.

उकळून झाल्यावर पट्ट्या पत्र्यावर ठेवल्या आणि खालून ब्लो लँप धरला. तापताच त्यांच्या अंगावर तेलाचा घाम फुटला. पुसला, पुन्हा तापवल्या, पुन्हा पुसला. घाम फुटायचा थांबला तेव्हा काचेवर पॉलिश पेपर पसरून चारही पट्ट्यांची तोंडे घासली, चकाकी जाईपर्यंत. सर्व तेल गेले असे मी म्हणणार नाही. जेवढे काढता येत होते तेवढे काढले.

गाडी जोडून आम्ही पुण्याच्या रस्त्याला थोडे बाहेर नेली. पहिल्या वेळी ती डावीकडे ओढली गेली. आणखी काही वेळा जोरात थांबवल्यावर सरळ थांबू लागली. टॅक्सीवाल्याच्या कपाळावर घाम होता, तो त्याने पुसला नाही.

निरीक्षक प्रवासी बंगल्याच्या आवारात गाड्या तपासत होते. उंच, सडसडीत, बोलणे मोजके. आमची पाळी आली तेव्हा ते पुढच्या चाकाशी वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. असा ब्रेक त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि पाहिला नाही असे म्हणायची त्यांची तयारीही नव्हती.

"हे कोणाला विचारून बसवलं?"

मी म्हणालो की ब्रेक चांगला करायला कोणाला विचारावे लागते असा नियम माझ्या वाचनात नाही. ब्रेक लागतो की नाही तेवढे आपण पाहावे.

"तुमचं तोंड तिखट आहे."

"ब्रेकही तसाच आहे," मी म्हणालो.

त्यांनी गाडीत बसून एक फेरी घेतली. गाडी सांगितल्या जागी थांबली. टॅक्सीवाल्याचा चेहरा उजळला, पण निरीक्षकांनी पेन काढले नाही. सपाटीवर बैलगाडीही थांबते, असे ते म्हणाले. गाडी घाटात गेली होती, तर ती घाटातच पाहायची. उरलेल्या गाड्या उरकून, दुपारी ते स्वतः येणार होते.

दुपारी आम्ही निघालो. निरीक्षक पुढे बसले. मागे मी, आणि माझ्या शेजारी टॅक्सीवाल्याची आई. ती उतरायला तयार नव्हती. निरीक्षकांनी तिला समजावले की ही चाचणी आहे, धोका असू शकतो.

"धोका हाय तं तुमी कशाला बसताव?" तिने विचारले.

निरीक्षक समोर बघू लागले. मलाही तिचा प्रश्न बरोबर वाटला. गाडी भरलेली असणे चाचणीच्या दृष्टीने योग्यच होते.

चढताना काही प्रश्न नव्हता. खंडाळ्याला गाडी वळवली. उतार लागण्यापूर्वी निरीक्षकांनी टॅक्सीवाल्याला सांगितले की गिअरवर उतरायचे नाही, ब्रेकवर उतरायचे. एरवी मी कोणालाही असे करू देणार नाही. पण चाचणी त्यांची होती आणि मागणी रास्त होती.

पहिली काही वळणे गाडी शांतपणे उतरली. पायडल जेथे होते तेथेच होते, हे मला टॅक्सीवाल्याच्या गुडघ्यावरून दिसत होते. मग वास आला. आधी बारीक, मग स्पष्ट. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिले. मी पुढे पाहिले.

"इथे काय तळतंय?" निरीक्षक म्हणाले. दोन्ही बाजूंना डोंगर आणि दरी यांच्याशिवाय काही नव्हते.

खोटे बोलण्यात अर्थ नव्हता, आणि मला ते जमतही नाही. मी सांगितले की आज पहाटे चुकून चकत्यांना गोडे तेल लागले होते. पट्ट्यांतून निघाले तेवढे काढले आहे, उरलेले आता उष्णतेने बाहेर येऊन जळत आहे. ते जळेपर्यंत ब्रेक किंचित सैल वाटेल, नंतर पूर्ववत होईल. यातला शेवटचा भाग मी ठामपणे म्हणालो. माझी खात्री मात्र तेवढी ठाम नव्हती.

निरीक्षक म्हणाले, "पुढच्या वळणावर पूर्ण थांबवा."

ते पुढचे वळण कोणते, हे त्यांना ठाऊक नव्हते. टॅक्सीवाल्याला होते. डोंगराच्या बाजूच्या गटाराचा कठडा तेथे अजून फुटलेलाच होता. उतार तेथे एकदम वाढतो. त्याने पाय दाबला. गाडी धरली, किंचित सुटली, त्याच्या आईने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी पकडली, आणि मग गाडीने पुन्हा असे धरले की निरीक्षकांची टोपी समोरच्या काचेवर गेली. फुटलेल्या कठड्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली. पाय जराही खाली गेला नव्हता.

"सोडा. परत थांबवा," निरीक्षक म्हणाले.

सोडली, थांबवली. सोडली, थांबवली. प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा सरळ आणि लवकर थांबली. खालच्या वळणांपर्यंत वास विरत गेला आणि घाट संपण्यापूर्वी पार नाहीसा झाला. पट्ट्यांतले तेल संपले होते. माझ्या प्रायमसने जे केले नव्हते ते घाटाने केले.

खोपोलीत निरीक्षक उतरले. त्यांनी मागच्या ड्रमला हात लावून झटकन मागे घेतला, मग पुढच्या चाकांच्या झरोक्यांतून चकत्या पाहिल्या. कागद बॉनेटवर ठेवून सही केली. टॅक्सीवाल्याकडे कागद देताना त्यांनी एवढेच सांगितले की यापुढे उतरताना गिअर वापरायचा, आणि चाकांना तेल लावायचे नाही. नंतर ते त्याच्या आईकडे वळले.

"आजी, तुम्ही लावलंत का?"

"मीच," ती म्हणाली. "घरातलं चांगलं तेल व्हतं."

निरीक्षक हसले. मी त्यांना त्या दिवशी एकदाच हसताना पाहिले. पुण्याला जाणारी एसटी येत होती, पुढच्या कामासाठी ते तिच्यात चढले.

टॅक्सीवाला कागद हातात घेऊन बॉनेटला टेकून उभा राहिला. वाचता येत असूनही त्याने तो माझ्या हातात दिला आणि वाचा म्हणाला. मी वाचला. स्थगिती उठली होती. त्याने कागद घेऊन खिशात ठेवला, लगेच काढून पुन्हा पाहिला, आणि रस्त्याकडे पाठ करून थोडा वेळ उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिले नाही. मला स्वतःला मोकळे वाटत होते. याहून अधिक लिहिण्याची मला आवश्यकता वाटत नाही.

परत येताना गाडी त्याने गिअरवर, सावकाश चालवली. चौक गावाच्या पुढे त्याची आई बसल्या जागी झोपली. तिचे डोके माझ्या खांद्यावर आले, ते मी तसेच राहू दिले. टॅक्सीवाला बोलायला लागला आणि पनवेलपर्यंत थांबला नाही. उद्या सकाळी स्टँडवर पहिला नंबर लावणार, पुण्याच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला निरोप धाडणार, धाकट्या भावांना घाटातून एकदा फिरवून आणणार.

गॅरेजशी आलो तेव्हा अजून उजेड होता. गाडी निवू दिली. मग मी पुढची दोन्ही चाके काढून पट्ट्या पाहिल्या. सगळीकडे सारख्या घासल्या होत्या, कोरड्या होत्या. चाके चढवून नट आवळले. पहिल्या मोठ्या तापण्यानंतर ते एकदा आवळावेच लागतात. मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल किंचित खाली गेले होते, ते खुणेपर्यंत भरले. त्याची आई जागी झाली आणि ती दोघे कामोठ्याला गेली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून मी डब्याचे झाकण ठोकून बसवले, कडेने मेण फिरवले आणि डबा फळीवर ठेवला.